एकहाती लुटारूचं पोट दुखतंय!

दोस्तांनो, रेल्वेच्या फलाटावरचं ते वजनाचं मशीन पाहिलंय का तुम्ही? नसेल पाहिलं तर आज जेवताना आईबाबांना विचारा. रंगीत दिवे लुकलुकताहेत, काचेआड चकती गरगर फिरतेय. वर उभं राहायचं, फटीत नाणं टाकायचं. 'खट्ट!' असा आवाज, आणि खालून पुठ्ठ्याचं इवलंसं तिकीट बाहेर. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य!

पण कधी कधी काय व्हायचं, की नाणं आत जायचं आणि मशीन ढिम्म. मग तुमचे बाबा काय करायचे ठाऊक आहे? द्यायचे एक थाप! थाप बसली की कधी तिकीट पडायचं, कधी नुसताच हात दुखायचा. तिकीट पडलं तरी मशीनला झालं काय होतं, हे काही कळायचं नाही. म्हणून थाप मारणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, बरं का!

मग दुरुस्ती म्हणजे काय? तेच बघायला आज आपण सातासमुद्रापार जाणार आहोत. तिथे असंच एक नाणं गिळणारं, पण भलतंच बदनाम मशीन आहे. त्याचं नाव स्लॉट मशीन.

"थांबा थांबा! ते तर जुगाराचं मशीन ना?" तुमच्यापैकी कुणीतरी नक्की ओरडणार. शाबास! अगदी बरोबर. जुगाराचंच ते. ते खेळायचं कसं हे सांगायला मी आलेलो नाही. त्याचं पोट उघडून दाखवायला आलोय. आत दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. बिघाड शोधावा कसा, ही पहिली. दुसरी मात्र मी अगदी शेवटी सांगणार. आधी पानं उलटून बघू नका!

लुटारूची कुळकथा

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को नावाचं शहर आहे. तिथे चार्ल्स फे नावाचा एक कारागीर राहायचा. जन्म जर्मनीतल्या बव्हेरियाचा, हातात कसब मोठं. त्याने १८९०च्या दशकात 'लिबर्टी बेल' नावाचं मशीन बनवलं. लोखंडी पेटी, तीन चाकं, चाकांवर घोड्याचा नाल, बदाम, चौकट, इस्पिक आणि एक तडा गेलेली घंटा अशी चित्रं. नाणं टाकून बाजूचा दांडा ओढला की चाकं फिरायची. तिन्ही घंटा एका ओळीत आल्या की सगळ्यांत मोठं बक्षीस. किती? पन्नास सेंट. म्हणजे पाच सेंटची दहा नाणी!

बाजूला एकच दांडा, म्हणजे एकच हात, आणि काम खिसा रिकामा करायचं. म्हणून लोकांनी या मशीनला नाव ठेवलं 'एकहाती लुटारू'.

पुढे १९१०च्या सुमारास यातली काही मशीनं फळांच्या स्वादाचं च्युइंगगम द्यायला लागली. म्हणून चाकांवर चेरी, संत्रं आणि अलुबुखार ही फळं आली. गम गेलं, फळं राहिली. अजूनही आहेत.

ही जुनी मशीनं म्हणजे नुसत्या स्प्रिंगा, दाते आणि तरफा. विजेचा पत्ता नाही. मग १९६३च्या सुमारास शिकागोच्या बॅली कंपनीने 'मनी हनी' नावाचं मशीन काढलं. दांडा होताच, पण आत आता वीज खेळत होती. दिवे लागायचे, घंटी वाजायची, आणि जिंकलेली नाणी, अगदी पाचशेपर्यंत, मशीन स्वतःच मोजून द्यायचं. माणसाची गरज नाही.

आपला आजचा पेशंट म्हणजे त्या जमान्यातलंच एक मशीन. अमेरिकेतल्या काही राज्यांत अशी जुनी मशीनं छंद म्हणून घरी ठेवायला परवानगी आहे, काही राज्यांत नाही. जिथे आहे तिथे ती दुरुस्त करणारे हौशी मेकॅनिकही आहेत. समजा, आपण अशाच एका मेकॅनिककाकांच्या शेजारी उभे आहोत. काकांनी मशीनचं दार उघडलंय. वाका जरा पुढे. हात मात्र खिशात!

पोटात काय काय?

आत डोकावलात की पहिल्यांदा घाबरायला होतं. वायरींचं नुसतं जंगल! लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या, पट्ट्यापट्ट्यांच्या. पण एक गंमत बघा. या मशीनमध्ये कॉम्प्युटर नाही, चिप नाही. जे काही 'डोकं' आहे ते आहे खटक्यांचं. वीज इथून तिथे जाऊ द्यायची की नाही, एवढंच प्रत्येक खटका ठरवतो. आणि हे सगळं डोळ्यांना दिसतं!

दोन मंडळींची आधी ओळख करून घेऊ.

पहिले श्रीयुत सोलेनॉइड. तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि तिच्यात लोखंडी दांडी. वीज आली की गुंडाळीचं चुंबक होतं आणि दांडी झटकन आत खेचली जाते. कुलूप काढणं, अडसर ओढणं, असली अंगमेहनतीची कामं याच्याकडे.

दुसरे श्रीयुत रिले. हेही चुंबकच, पण हे ओढतात खटके. एका छोट्या विजेने दुसरे चार-पाच खटके एकदम उघडायचे नाहीतर मिटायचे. म्हणजे हा निरोप्याच म्हणा ना! 'नाणं आलं हो!' असा निरोप मिळाला की हा तो पुढे चार जणांना पोचवतो.

आता मशीनचा एक डाव कसा होतो ते ओळीने बघू:

१. नाणं फटीतून घसरतं आणि जाता जाता एका नाजूक तारेच्या खटक्याला धक्का देतं.
२. खटका रिलेला जागं करतो. रिले सोलेनॉइडला हुकूम देतो. दांड्याचं कुलूप सुटतं.
३. दांडा ओढला की स्प्रिंगांच्या जोरावर तिन्ही चाकं फिरतात.
४. एकेक करून चाकं थांबतात.
५. कुठल्या चाकावर कुठलं चित्र आलं, ते मशीन 'वाचतं'.
६. जिंकलं असेल तर मोटर सुरू होते आणि नाणी मोजून बाहेर पडतात.

ही सहा पायऱ्यांची यादी नीट लक्षात ठेवा. मेकॅनिकचं सर्वांत मोठं हत्यार हेच आहे. स्क्रू ड्रायव्हर नव्हे, पक्कडही नव्हे. गाडी कुठल्या स्टेशनपर्यंत आली आणि कुठे अडली, हे कळलं की अर्धं काम झालं!

आधी प्लग, मग बाकी सगळं

काकांनी सर्वांत आधी काय केलं पाहिलंत? भिंतीतला प्लग काढला. नुसतं बटण बंद केलं नाही, प्लगच उपसला आणि टेबलावर डोळ्यांसमोर ठेवला. म्हणजे चुकून दुसऱ्या कुणी बटण दाबलं तरी भीती नाही.

आतल्या दिव्यांना साधारण सहा व्होल्ट लागतात, गुंडाळ्यांना पन्नासच्या आसपास. पण मशीनमध्ये शिरणारी वीज असते अमेरिकेतल्या भिंतीतली, ११० ते १२० व्होल्टची. आपल्याकडे तर भिंतीत २३० व्होल्ट! ती माणूस मारू शकते. म्हणून घरातलं विजेचं कुठलंही यंत्र तुम्ही स्वतः उघडायचं नाही. मिक्सर नाही, इस्त्री नाही, टीव्ही तर नाहीच. जाणत्या मोठ्या माणसाचं काम ते. आपण प्रयोग करायचे ते टॉर्चच्या सेलवर. कबूल? मग पुढे चला.

प्लग काढल्यावर काका पाच मिनिटं नुसतं बघत बसले. आणि चक्क वास घेतला! हो, वास. जळालेल्या गुंडाळीला एक करपट वास येतो. एखादी वायर सुटून लोंबतेय का, एखादा प्लग अर्धवट बसलाय का, फटीत एखादं वाकडं नाणं अडकलंय का? फुकट मिळणारी उत्तरं आधी घ्यायची. मीटर नंतर.

पहिली तक्रार: मशीन मेलंय!

दिवा नाही, आवाज नाही, काही नाही. आणि नाणं टाकलं तर ते सरळ खालच्या ताटलीत परत!

आता हे नाणं परत का आलं? काका म्हणतात, "ही चूक नाही, ही हुशारी आहे." नाण्याच्या वाटेवर एक अडसर असतो. तो बाजूला ओढायला वीज लागते. वीज नसेल तर अडसर वाटेतच राहतो आणि नाणं परत फिरतं. म्हणजे नाणं परत येणं हाच पुरावा, की आत वीज पोचत नाहीये.

मग बघायचा फ्यूज. काकांनी तो काढला आणि मल्टीमीटरची दोन टोकं त्याच्या दोन बाजूंना लावली. फ्यूज ठीक असता तर मीटरने जवळजवळ शून्य ओहम दाखवले असते, म्हणजे वाट मोकळी. पण काटा हललाच नाही. फ्यूज उडालाय!

"मग नवा घाला की," असं म्हणू नका हं. फ्यूज हा चोर नाही, तो पहारेकरी आहे. पहारेकरी मेला तर आधी विचारायचं, मारलं कुणी? काकांना दाराच्या बिजागरीपाशी एक वायर सापडली. दार हजारो वेळा उघडून मिटून तिचं प्लास्टिक झिजलं होतं आणि उघडी तार पत्र्याला टेकत होती. तिथेच शॉर्ट सर्किट! ती वायर बदलली, मगच नवा फ्यूज बसवला, आणि तोही तेवढ्याच अँपिअरचा.

आपल्याकडे काही घरांत अजून किटकॅट फ्यूज असतात. तो सारखा उडतो म्हणून जाड तार गुंडाळणारे महाभाग तुम्ही पाहिले असतील. म्हणजे पहारेकरी आरडाओरडा करतो म्हणून त्याच्या तोंडात बोळा कोंबायचा! मग फ्यूज उडत नाही, भिंतीतली वायर पेटते. असं कुणी करताना दिसलं तर जरूर अडवा.

दुसरी तक्रार: नाणं गिळलं, दांडा हलेना

दिवे लागताहेत. नाणं आत गेलं. पण दांडा घट्ट. आपली यादी काढा. पहिली पायरी अर्धी झाली, दुसरी झालीच नाही. म्हणजे बिघाड नाण्याच्या खटक्यापासून कुलपाच्या सोलेनॉइडपर्यंत कुठेतरी आहे. चाकं, मोटर, सगळे निर्दोष. त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही!

या टप्प्यात समजा आठ जोड आहेत, एकापुढे एक. त्यातला एक तुटलाय. एकेक करून तपासत गेलात तर नशीब खोटं असेल तेव्हा सात वेळा मीटर लावावा लागेल. काका काय करतात? सरळ मध्यावर जातात. पहिल्या चार जोडांतून वाट मोकळी आहे का? आहे. मग चोर पुढच्या चारांत. त्यांचा मध्य. पहिले दोन? बंद! मग उरलेल्या दोघांत एक. तीन तपासण्यांत चोर पकडला! सोळा जोड असते तर चार तपासण्या. बत्तीसला पाच. आहे की नाही गंमत?

इथे चोर निघाला रिलेच्या एका खटक्याचा ठिपका. प्रत्येक वेळी खटका उघडताना बारीकशी ठिणगी पडते. वर्षानुवर्षं ठिणग्या पडून त्यावर काळा थर बसतो. वरून नाण्यांची काळी धूळ. दोन ठिपके टेकलेले दिसतात, पण वीज जातच नाही. डोळ्यांना मिटलेला, विजेला उघडा!

आता तो घासायचा कशाने? सॅंडपेपर हातात घेतलात तर काका डोळे वटारतील. ठिपक्यावरचा चांगला धातूच निघून जाईल. शिवाय सुटलेली वाळू आत अडकेल ती वेगळीच. काकांनी काय केलं, तर जाड कोऱ्या कागदाची पट्टी दोन ठिपक्यांच्या मध्ये घातली, वरून बोटाने हलकेच दाबलं आणि पट्टी ओढून काढली. कागदावर काळी रेघ! दोनतीनदा केलं, रेघ पुसट झाली. मीटर शून्यावर. दांडा सुटला! खर्च किती? एक कागद.

तिसरी तक्रार: तीन संत्री आली, पैसे कुठं?

हा सर्वांत मजेदार खटला. तिन्ही चाकांवर संत्री आली. यादीप्रमाणे दहा नाणी मिळायला हवीत. मशीन गप्प.

आधी हे समजून घ्या, की मशीनला चित्रं 'दिसत' नाहीत. प्रत्येक चाकाच्या बाजूला एक चकती असते. चाक थांबलं की तांब्याची बोटं त्या चकतीवरच्या ठिपक्यांवर टेकतात. संत्र्याच्या जागी संत्र्याचा ठिपका, घंटेच्या जागी घंटेचा. पहिल्या चाकाच्या संत्र्यातून वीज दुसऱ्या चाकाच्या संत्र्याकडे जाते, तिथून तिसऱ्याच्या. तिन्ही पूल जोडले गेले तरच वीज पलीकडे पोचते आणि बक्षिसाचा रिले ओढला जातो. एकही पूल तुटला की खेळ खलास. विज्ञानाच्या पुस्तकातली 'एकसर जोडणी' ती हीच!

मग तिघांतला फितूर कोण? काकांनी मीटर बाजूला ठेवला आणि बक्षिसांची यादी वाचायला घेतली. जुन्या मशीनांच्या यादीत एक सवलत असते. पहिली दोन संत्री आणि तिसऱ्या चाकावर 'बार' ही पट्टी आली, तरी तीन संत्र्यांएवढंच बक्षीस. काकांनी चाकं हाताने फिरवून संत्रं-संत्रं-बार लावलं आणि डाव पुरा केला.

खणखण खणखण! दहा नाणी!

क्षणभर वाचणं थांबवा. यातून काय काय सिद्ध झालं?

पहिल्या चाकाचं संत्रं ठीक. दुसऱ्याचं ठीक. बक्षिसाचा रिले ठीक. मोटर ठीक. एका चाचणीत चौघे सुटले! उरलं फक्त तिसऱ्या चाकाचं संत्रं. तेही आणखी बारीक करता येतं. चाकावर संत्रं सहसा एकाहून जास्त जागी असतं. ते सगळ्याच जागी अडत असेल, तर त्यांची सामाईक वायर तुटलेली. एकाच जागी अडत असेल, तर त्या एका ठिपक्यावर मळ. इथे एकाच जागी अडत होतं. कापूस, थोडं स्पिरिट, ठिपका चकाचक. संपलं!

चौथी तक्रार: हा थांबतच नाही!

नाणी देणाऱ्या भागाला हॉपर म्हणतात. पिठाच्या गिरणीवर दाणे ओतायचं नसराळं असतं ना, तसाच डबा, पण नाण्यांचा. खाली मोटरवर फिरणारी चकती एकेक नाणं उचलून बाहेर ढकलते. बाहेर पडता पडता प्रत्येक नाणं एका खटक्याला टिचकी मारतं. टिचकी बसली की मोजणारं चाक एक दाता पुढे सरकतं. दहा दाते झाले की मोटर बंद.

आता सांगा, दहाच्या जागी मशीन नाणी ओततच राहिलं तर दोष कुणाचा?

मोटरचा? छे! मोटर बिचारी हुकुमाची ताबेदार. दोष मोजणाऱ्याचा. खटक्याची तार वाकली, टिचकी लागेना. मशीनला वाटतं, अजून एकही नाणं दिलं नाही! आणि उलट, दहाऐवजी सहाच नाणी दिली तर? तेव्हा खटका सैल झालेला. एका नाण्याला तो दोनदा थरथरतो आणि एकाचे दोन मोजले जातात. म्हणजे आवाज येतो मोटरचा, पण चूक असते मोजदादीची. ओरडणाऱ्यालाच दोषी धरू नये, हे वर्गातसुद्धा लागू पडतं, नाही का?

करून पाहा: टॉर्चच्या सेलचा लुटारू

साहित्य: दोन पेन्सिल सेल, टॉर्चचा छोटा बल्ब, वायर, पुठ्ठा, चॉकलेटची चांदी, सेलोटेप, डिंक आणि मूठभर चिंचोके.

कृती: पुठ्ठ्याच्या तीन लांब पट्ट्या कापा. प्रत्येकीवर दहा चौकोन आखा, त्यांना एक ते दहा आकडे द्या. कुठल्याही तीन चौकोनांवर चांदीचे तुकडे डिंकाने चिकटवा. एका चौकोनाची चांदी दुसऱ्याला टेकू देऊ नका. जाड पुठ्ठ्यावर तीन ठिकाणी वायरींची दोन दोन उघडी टोकं जवळजवळ, पण एकमेकांना न टेकणारी, अशी पक्की करा. पट्टी त्या टोकांखालून सरकवायची. चांदी खाली आली की टोकं जोडली जातात. तिन्ही ठाणी, सेल आणि बल्ब एकामागोमाग एक जोडा. तिन्हीकडे चांदी आली तरच बल्ब पेटेल!

खेळ पहिला: तुम्ही डोळे मिटा. मित्राने एखाद्या चांदीवर सेलोटेपचा बारीक तुकडा लावायचा. तो 'मळ'. कमीत कमी चाचण्यांत तो शोधा.

खेळ दुसरा: एक ते दहा आकड्यांच्या चिठ्ठ्या करा. प्रत्येक पट्टीसाठी चिठ्ठी उचला, तो चौकोन टोकांखाली सरकवा. चिठ्ठी परत टाका. प्रत्येक डावाला एक चिंचोका बँकेत भरायचा. बल्ब पेटला तर बँक तीस चिंचोके देणार. शंभर डाव खेळा आणि हिशेब लिहून ठेवा.

सगळं दुरुस्त झालं, तरी...

खेळलात? मग आता ती राखून ठेवलेली दुसरी गोष्ट.

एका पट्टीवर दहा चौकोन, म्हणून तीन पट्ट्यांच्या जुळण्या दहा गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे एक हजार. बल्ब पेटवणाऱ्या किती? तीन गुणिले तीन गुणिले तीन, सत्तावीस. म्हणजे हजार डावांत सरासरी सत्तावीस वेळा तीस चिंचोके परत, एकूण आठशे दहा. आणि बँकेत भरले एक हजार. एकशे नव्वद बँकेने खाल्ले! शंभर डावांत कुणी एखादा जिंकलेलाही असेल. पण खेळत राहाल तसा हिशेब तिकडेच झुकत जाणार. बँक लबाडी करत नाही. मशीनही बिघडलेलं नाही. उलट ते अगदी ठणठणीत चालतंय, म्हणूनच तुम्ही हरताय!

मेकॅनिककाकांनी चारही बिघाड काढले. मशीन नव्यासारखं झालं. म्हणजे काय झालं? लुटारूचं पोट बरं झालं आणि तो लुटायला परत तयार झाला, एवढंच.

आणखी एक. हरणारा माणूस म्हणतो, "आता इतक्या वेळा गेले, पुढच्या वेळी नक्की लागणार." आपण तर आत बघून आलो. त्यात असा एकतरी भाग दिसला का, जो म्हणेल 'हा बिचारा सात वेळा हरलाय, आठव्यांदा देऊन टाकू'? नाही! आत-बाहेर गेलेली नाणी मोजणारे आकडे असतात, पण ते मालकाच्या हिशेबासाठी. ते चाकांशी एक अक्षर बोलत नाहीत.

जुन्या मशीनचं एक बरं होतं. चाकावरची चित्रं मोजली की लुटीचा हिशेब कळायचा. पुढे तोही मार्ग बंद झाला. इंगे टेल्नेस या संशोधकाला १९८४ साली अमेरिकेत एक पेटंट मिळालं. चाक कुठे थांबणार ते आतली चिपच सोडतीसारखा आकडा काढून ठरवणार, आणि काचेआडचं चाक फक्त तो निकाल दाखवणार. चाकावर घंटा वीसात एक दिसत असली, तरी चिपच्या सोडतीत ती त्याहून कितीतरी दुर्मीळ ठेवता येते. बाहेरून मोजून उपयोग नाही!

आपल्या शेजारी गोव्यात १९९२च्या कायदादुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना वाट मिळाली. महाराष्ट्रात कॅसिनोंसाठी १९७६ साली केलेला कायदा कधी अमलातच आला नाही, आणि २०२३ साली तो रद्द झाला. पण आता लुटारूला लोखंडी पेटी लागत नाही, तो मोबाइलमध्येही शिरतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर भारतात २०२५ साली बंदीचा कायदा झाला, तो यासाठीच. तरी एखाद्या दिवशी कुणी तुम्हाला फिरती चाकं दाखवून म्हणेल, "फक्त दहा रुपये टाक, बघ काय लागतं!" तेव्हा ते वायरींचं जंगल आठवा. आणि त्याला विचारा, "याचं दार उघडून दाखवता का?"

तेवढ्यावरच तो गप्प होईल.

डोकं चालवा!

एका मशीनमध्ये तीन संत्री, तीन अलुबुखार, तीन घंटा, काहीही आलं तरी बक्षीस मिळत नाही. पण पहिल्या चाकावर एक चेरी आली की यादीप्रमाणे दोन नाणी बरोबर पडतात. (चेरीसाठी फक्त पहिलं चाक पुरतं.) सांगा, निर्दोष कोण कोण? आणि संशय कुणावर?

उत्तर: दोन नाणी मोजून पडली, म्हणजे वीज, हॉपर, मोटर आणि मोजणारा खटका सगळे निर्दोष. पहिल्या चाकापर्यंत वीज पोचते हेही नक्की. तीन वेगवेगळ्या चित्रांचे ठिपके एकदम मळणं कठीण. म्हणून संशय अशा ठिकाणी, जिथून या सगळ्या वाटा जातात: दुसऱ्या किंवा तिसऱ्या चाकाचा सैल झालेला प्लग. काकांनी तोच आधी दाबून पाहिला असता. अर्थात, भिंतीतला प्लग काढून!